व्यावसायिक शिस्तपालन, अधिवक्त्यांचे
सनद घेऊन वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीच्या गैरवर्तनाबद्दल आलेल्या तक्रारीची दखल घेणे, तिची रीतसर चौकशी करणे आणि दोष सिद्ध झाल्यास संबंधित व्यक्तीस शिक्षा देणे, यासाठी कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती. वैद्यक, लेखापरीक्षण, वास्तुशास्त्र, वकिली इ. व्यवसायांत प्रवेश करण्यासाठी नोंदणी वा सनद आवश्यक असते. ती देणाऱ्या संस्थेकडेच ती काढून घेण्याचाही अधिकार असतो. नोंदणीमुळे व्यावसायिकास विशिष्ट काम करण्याचा अनन्य अधिकार मिळतो आणि सामान्य माणसास त्याच्या ज्ञानावर व सचोटीवर विसंबून राहावे लागते. या विश्वासाचा भंग झाल्यास केवळ दिवाणी वा फौजदारी न्यायालयाचा मार्ग पुरेसा ठरत नाही. असा मनुष्य व्यवसायात राहण्यास पात्र आहे किंवा नाही, हा वेगळाच प्रश्न उपस्थित होतो व त्याचा निर्णय शिस्तपालनाच्या कारवाईत होतो. भारतात वकिलांच्या बाबतीत ही व्यवस्था अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये करण्यात आली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत वकिलांना सनदा देण्याचा व त्या काढून घेण्याचा अधिकार उच्च न्यायालयांकडे होता. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांना तो त्यांच्या राजसनदांनी दिला होता. जिल्हा व तालुका न्यायालयांतील वकील, मुखत्यार आदींसाठी १८७९ चा विधिव्यवसायी अधिनियम लागू होता. १९२६ च्या भारतीय वकील परिषद अधिनियमाने परिषदा स्थापन करण्याची तरतूद केली, तथापि शिस्तपालनातील त्यांचे स्थान दुय्यमच राहिले. तक्रार उच्च न्यायालयाकडे येई. ती सकृद्दर्शनी फेटाळण्याजोगी नसल्यास न्यायालय ती चौकशीसाठी परिषदेकडे किंवा जिल्हा न्यायाधीशाकडे पाठवी. परिषदेच्या सदस्यांमधून मुख्य न्यायाधीशाने नेमलेले तीन ते पाच जणांचे न्यायाधिकरण चौकशी करून आपला निष्कर्ष कळवी आणि अंतिम आदेश उच्च न्यायालय देई.

स्वातंत्र्योत्तर काळात संपूर्ण देशासाठी एकच वकीलवर्ग असावा, या विचाराने १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस्. आर्. दास यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय वकील समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९५३ मध्ये सादर झाला. त्यातील शिफारशी आणि विधी आयोगाचा १९५८ चा अहवाल यांच्या आधारे १९६१ चा अधिनियम तयार झाला. या अधिनियमाने शिस्तपालनाचा अधिकार उच्च न्यायालयांकडून काढून वकिलांनी निवडलेल्या परिषदांकडे सोपविला. हा बदल मूलगामी होता. पूर्वी वकिलाचा न्याय न्यायाधीश करीत, आता तो प्रथमतः त्याचे समव्यवसायी करू लागले.

यंत्रणा : प्रत्येक राज्यासाठी वा राज्यसमूहासाठी एक राज्य वकील परिषद व संपूर्ण देशासाठी भारतीय वकील परिषद अशी द्विस्तरीय रचना आहे. महाराष्ट्र, गोवा, दाद्रा-नगरहवेली आणि दमण व दीव या प्रदेशांसाठी महाराष्ट्र व गोवा वकील परिषद असून तिचे कार्यालय मुंबईस आहे. ‘बार कौन्सिल’ या नावानेच ती व्यवहारात ओळखली जाते. राज्याचा महाधिवक्ता हा परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो. प्रत्येक परिषदेस एक वा अधिक शिस्तपालन समित्या नेमाव्या लागतात. समितीत तीन जण असतात : दोन परिषदेने आपल्या सदस्यांतून निवडलेले व तिसरा परिषदेबाहेरील, किमान दहा वर्षे अनुभव असलेला अधिवक्ता. या तिघांपैकी व्यवसायात सर्वांत ज्येष्ठ असलेली व्यक्ती समितीची अध्यक्ष असते. समितीत व्यवसायाबाहेरील एकही व्यक्ती नसते, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

गैरवर्तनाची व्याप्ती : अधिनियमात ‘व्यावसायिक वा अन्य गैरवर्तन’ असा शब्दप्रयोग आहे, परंतु त्याची व्याख्या दिलेली नाही. ती न देण्यात हेतू आहे, कारण गैरवर्तनाचे सर्व प्रकार आधीच गणता येणे शक्य नाही. भारतीय वकील परिषदेने केलेल्या नियमांत न्यायालय, अशील, प्रतिपक्ष व सहव्यवसायी यांच्याविषयीची कर्तव्ये नमूद केली आहेत. अशिलाचे पैसे स्वतःकडे अडकवून ठेवणे व त्यांचा हिशोब न देणे, दाव्याच्या निकालावर अवलंबून राहील असे शुल्क ठरविणे, ज्या दाव्यात स्वतः वकील आहे त्यातील मालमत्ता लिलावात विकत घेणे, एका पक्षाचे काम पाहिल्यानंतर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र घेणे, जाहिरात करून वा दलाल नेमून कामे मिळविणे इ. गोष्टी त्यांनुसार निषिद्ध आहेत. शुल्क थकले म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. शुल्कासाठी त्याने दावा करावा. दुसरा वकील नेमू इच्छिणाऱ्या अशिलाची वाट मात्र त्याला रोखून धरता येत नाही.

‘अन्य गैरवर्तन’ या शब्दांमुळे न्यायालयाबाहेरील वर्तनही कक्षेत येते. न्यायालयाच्या कक्षातच प्रतिपक्षावर चाकूहल्ला केल्याबद्दल दोषी ठरलेल्या एका अधिवक्त्याचे नाव सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नामसूचीतून काढून टाकण्याचा आदेश दिला. याउलट, साधी चूक वा निर्णयातील गफलत म्हणजे गैरवर्तन नव्हे. वकिलाने मांडलेला मुद्दा न्यायालयाने अमान्य केला, किंवा दावा हरला, एवढ्यावरून तक्रार उभी राहत नाही. निष्काळजीपणाबरोबर नैतिक दोष वा कर्तव्याविषयी उघड बेपर्वाई असेल, तरच तो गैरवर्तनाच्या पातळीस पोहोचतो.

तक्रार व प्राथमिक छाननी : तक्रार कोणीही करू शकतो. अशील, प्रतिपक्ष, न्यायाधीश यांपैकी कोणाकडूनही ती येऊ शकते; किंबहुना तक्रार नसतानाही परिषद स्वतः होऊन कारवाई सुरू करू शकते. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही व सत्यापनासह आणि विहित शुल्क भरून द्यावी लागते. ती इंग्रजीत, हिंदीत किंवा राज्यभाषेत लिहिता येते. त्यामुळे महाराष्ट्रातील तक्रारदाराला मराठीतून तक्रार करता येते. अर्जात उणिवा असल्यास परिषदेचे सचिव त्या दूर करण्यास सांगतात. अर्ज रीतसर असल्याचे आढळल्यावर त्याची नोंद होऊन तो परिषदेपुढे ठेवला जातो.

या टप्प्यावर परिषदेने एकच प्रश्न पाहावयाचा असतो : संबंधित अधिवक्त्याने गैरवर्तन केले असावे, असे मानण्यास सकारण आधार आहे काय? त्यासाठी ती तक्रारदाराकडून अधिक तपशील व अधिवक्त्याकडून लेखी म्हणणे मागवू शकते. आधार दिसल्यास प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपविले जाते, नसल्यास ते तेथेच निकालात निघते. ही चाळणी यांत्रिक असून चालत नाही. परिषदेने प्रकरणाकडे खरोखर लक्ष देऊन आपले मत बनविले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात १९८० मध्ये सांगितले. महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०२५ मध्ये याच तत्त्वाचा पुनरुच्चार होऊन कारणे न देता चौकशीसाठी पाठविलेले प्रकरण रद्द करण्यात आले. तक्रारदार व अधिवक्ता यांच्यात अशील-वकील असा संबंध नसताना केवळ प्रतिपक्षाच्या रोषापोटी आलेल्या तक्रारींबाबत सावधगिरी बाळगली पाहिजे, हेही त्या निर्णयातून दिसते. चाळणी आवश्यक आहे, कारण नुसत्या चौकशीच्या वार्तेनेही वकिलाची पत जाते आणि हरलेला पक्षकार पुष्कळदा आपला राग वकिलावर काढतो.

एकदा नोंदलेली तक्रार केवळ तक्रारदाराने मागे घेतली, उभयपक्षी तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे जावयाचे नाही, एवढ्याच कारणाने सोडून देता येत नाही. हा नियम महत्त्वाचा आहे. शिस्तपालनाची कारवाई हा दोन व्यक्तींमधील वाद नसून व्यवसायाची शुचिता राखण्याचा तो मार्ग आहे. पैसे परत करून तक्रारदाराचे तोंड बंद करण्यास त्यामुळे आळा बसतो.

चौकशी : समिती सुनावणीची तारीख ठरवून संबंधित अधिवक्ता व राज्याचा महाधिवक्ता या दोघांना नोटीस देते. महाधिवक्त्याला स्वतः किंवा आपल्या वतीने अन्य अधिवक्त्यामार्फत म्हणणे मांडता येते. समाजाचा दृष्टिकोन समितीपुढे यावा, असा या तरतुदीचा उद्देश आहे. साक्षीदारांना बोलावणे, त्यांची शपथेवर तपासणी करणे, कागदपत्रे हजर करविणे, शपथपत्रांवर पुरावा घेणे इ. बाबतींत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याला साक्षीसाठी बोलवावयाचे असल्यास मात्र उच्च न्यायालयाची पूर्वसंमती लागते. समितीपुढील कार्यवाही ही न्यायिक कार्यवाही मानली जाते, म्हणून तेथे खोटी साक्ष देणे हा गुन्हा ठरतो.

अधिवक्त्यावरील आरोप त्याला नेमकेपणाने कळले पाहिजेत, त्याला लेखी कैफियत देण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची व बचावाचा पुरावा सादर करण्याची पुरेशी संधी मिळाली पाहिजे. ही कार्यवाही फौजदारी खटल्यासारख्या स्वरूपाची असल्याने संशयाचा फायदा अधिवक्त्याला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटले आहे. कारण शिक्षेने मनुष्याची उपजीविका व प्रतिष्ठा दोन्ही जाऊ शकतात. अंतिम सुनावणीस समितीचे तिन्ही सदस्य उपस्थित असावे लागतात. त्यांच्यात बहुमत न झाल्यास प्रकरण परिषदेच्या अध्यक्षापुढे ठेवले जाते.

आदेश व शिक्षा : चौकशीअंती समिती पुढीलपैकी एक आदेश देते : (१) तक्रार फेटाळणे, (२) अधिवक्त्यास ताकीद देणे, (३) ठराविक मुदतीसाठी त्याला व्यवसायातून निलंबित करणे, (४) नामसूचीतून त्याचे नाव काढून टाकणे. निलंबित अधिवक्त्याला त्या मुदतीत भारतातील कोणत्याही न्यायालयात वा प्राधिकरणापुढे काम चालविता येत नाही. ताकीद व निलंबन यांची नोंद नामसूचीत त्याच्या नावापुढे केली जाते. नाव काढल्यास सनद परत घेतली जाते. त्यानंतरही त्याने वकिली चालू ठेवली, तर सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

कार्यवाहीचा खर्च कोणी द्यावा हे समिती ठरवू शकते, परंतु तक्रारदाराला नुकसानभरपाई देण्याचा अधिकार तिला नाही. वकिलाने मुदतीत दावा दाखल न केल्यामुळे ज्याचा हक्क बुडाला, त्याला परिषदेपुढे दोषी वकिलास शिक्षा झालेली पाहता येते, पण बुडालेली रक्कम मिळत नाही. त्यासाठी त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. अफरातफर वा फसवणूक झाली असल्यास फौजदारी मार्गही मोकळा असतो. तक्रारदारांचा या बाबतीत पुष्कळदा गैरसमज असतो आणि निराशेचे ते एक कारण ठरते.

शिक्षेचा हेतू केवळ दंड हा नसून सुधारणा हाही असावा, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मधील तमिळनाडूच्या एका प्रकरणात मांडला. वचनचिठ्ठ्यांवरून दावे लावण्यासाठी वृद्ध अशिलांनी विश्वासाने सोपविलेले काम एका अधिवक्त्याने केले नाही व दावे दाखल झाल्याचा खोटा भास निर्माण केला. दोष कायम ठेवताना न्यायमूर्ती व्ही. आर्. कृष्ण अय्यर यांनी निलंबनाचा काही काळ कमी करून त्याऐवजी वर्षभर गरीब पक्षकारांना विनामूल्य विधिसाहाय्य देण्याची अट घातली.

अपील व पुनर्विलोकन : राज्य परिषदेच्या समितीच्या आदेशाने व्यथित झालेल्या व्यक्तीस व महाधिवक्त्यास आदेश कळल्यापासून ६० दिवसांत भारतीय वकील परिषदेकडे अपील करता येते. तेथील शिस्तपालन समितीच्या आदेशावर पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील होते. शिक्षा वाढवावयाची असल्यास अधिवक्त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. याशिवाय समित्यांना आपल्या आदेशाचे पुनर्विलोकन करता येते. तथापि राज्य समितीचा असा आदेश भारतीय परिषदेच्या मान्यतेशिवाय अंमलात येत नाही.

‘व्यथित व्यक्ती’ कोणास म्हणावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील एका प्रकरणामुळे सुटला. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या आवारात काही अधिवक्ते येणाऱ्याजाणाऱ्या पक्षकारांना गाठून, प्रसंगी एकमेकांशी ओढाताण करून, कामे मिळवीत असत. राज्य समितीने त्यांना निलंबित केले, परंतु नियमाचा अतिशय संकुचित अर्थ लावून भारतीय परिषदेच्या समितीने त्यांना दोषमुक्त ठरविले. त्याविरुद्ध राज्य परिषदेनेच सर्वोच्च न्यायालयात अपील केले. सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ मध्ये असा निर्णय दिला, की व्यवसायाची प्रतिष्ठा राखणे हे परिषदेचे कर्तव्य असल्यामुळे तीही व्यथित व्यक्ती ठरते. पुढे त्या नियमाचा संकुचित अर्थही न्यायालयाने अमान्य केला.

अपिलाच्या टप्प्यांवर शिक्षेचे माप किती बदलू शकते, याचे उदाहरण राजस्थानातील एका प्रकरणात आढळते. न्यायाधीश लाच घेतात, तेव्हा अनुकूल निकालासाठी १०,००० रुपये पाठवावेत, असे पत्र एका ज्येष्ठ अधिवक्त्याने आपल्या अशिलास लिहिले होते. राज्य समितीने त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. भारतीय परिषदेने अपिलात ही शिक्षा वाढवून त्याला कायमचे व्यवसायबाह्य ठरविले, परंतु पुढे पुनर्विलोकनात, त्याचे वय व प्रदीर्घ व्यवसाय पाहून, केवळ ताकीद दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ही सौम्यता असमर्थनीय ठरवून त्याचे नाव नामसूचीतून काढण्याचा आदेश पुनःस्थापित केला. दीर्घ अनुभव हा अशा कृत्यात दोष हलका करणारा नसून उलट जबाबदारी वाढविणारा आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

न्यायालयांचे अधिकार : शिस्तपालनाचा अधिकार परिषदांकडे असल्यामुळे न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा देताना सर्वोच्च न्यायालयासही वकिलाची सनद निलंबित करता येत नाही, असा निर्णय घटनापीठाने १९९८ मध्ये दिला आणि १९९५ मधील विरुद्ध आदेश त्या मर्यादेपुरता रद्द ठरविला. अवमानाबद्दल दोषी ठरलेल्या वकिलाला न्यायालयात उभे राहण्यास मनाई करण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र अबाधित आहे, कारण न्यायालयातील वर्तनाचे नियमन आणि सनदेचे नियमन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कालमर्यादा व विलंब : राज्य समितीने तक्रार आल्यापासून एका वर्षात निर्णय दिला पाहिजे, तसे न झाल्यास प्रकरण भारतीय परिषदेकडे वर्ग होते, अशी तरतूद १९७३ च्या दुरुस्तीने करण्यात आली. तक्रारदाराला अंतहीन प्रतीक्षा करावी लागू नये, हा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात मात्र वर्षाची मुदत पुष्कळदा नुसतीच उलटून जाते व प्रकरण दिल्लीस वर्ग होते. मग लहान गावातील तक्रारदाराला साक्षीपुराव्यासाठी दूरचा प्रवास करावा लागतो आणि तो तक्रारीचा पाठपुरावा सोडून देतो. या स्थितीची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज्य परिषदांनी तक्रारी एका वर्षात निकालात काढाव्यात व वर्ग झालेली प्रकरणेही वर्षाच्या आत संपवावीत, असे निर्देश दिले. विलंबाची झळ दोघांनाही लागते. निर्दोष वकील वर्षानुवर्षे संशयाच्या छायेत राहतो, तर दोषी वकील तोवर नव्या अशिलांची वकीलपत्रे घेत राहतो.

अन्य व्यवसायांशी तुलना : डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी प्रथम राज्य वैद्यक परिषदेकडे जातात. महाराष्ट्रात ही परिषद १९६५ च्या अधिनियमान्वये कार्य करते. तिच्या निर्णयावरील अपील २०१९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या यंत्रणेकडे होते. सनदी लेखापालांच्या बाबतीत २००६ च्या दुरुस्तीने शिस्तपालन समितीत केंद्र सरकारने नेमलेल्या सदस्यांना स्थान देण्यात आले. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ च्या विधिसेवा अधिनियमाने सेवेतील उणिवांबद्दलच्या तक्रारींसाठी विधि-लोकपाल हे स्वतंत्र पद निर्माण केले असून तो अशिलास भरपाई देवविण्याचा आदेश देऊ शकतो. भारतात वैद्यकीय सेवेबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येते, हे १९९५ मध्ये ठरले. वकिलांच्या सेवेस मात्र ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. परिणामतः वकिलाविरुद्ध तक्रार असलेल्या सामान्य नागरिकाच्या दृष्टीने वकील परिषदेचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

मूल्यमापन : समव्यवसायींनीच एकमेकांचा न्याय करावा, या तत्त्वाच्या बाजूने दोन कारणे दिली जातात. वकिलाचे वर्तन योग्य की अयोग्य, हे वकिलीचे बारकावे जाणणाऱ्यासच नीट कळते. तसेच शासनाविरुद्ध निर्भयपणे उभे राहावयाचे असेल, तर वकिलाची सनद शासनाच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. १९१९ मध्ये अहमदाबादेतील काही वकिलांनी रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या शिस्तपालनाच्या कारवाईस तोंड द्यावे लागले होते. सनद काढून घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचे महत्त्व त्यावरून कळते. याउलट, परिषदेचे सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात, तेच मतदारांविरुद्धच्या तक्रारींचा निर्णय करतात आणि समितीत सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी नसतो, हा आक्षेपही निराधार नाही. महाधिवक्त्याला द्यावयाची नोटीस, तक्रार मागे घेण्यावरील मर्यादा, कारणे नोंदविण्याची सक्ती, वर्षाची मुदत व सर्वोच्च न्यायालयातील अपील या तरतुदी त्या आक्षेपाला उत्तर म्हणूनच योजलेल्या आहेत. त्यांचे काटेकोर पालन होते तेथे स्वयंशासन हे व्यवसायाचे भूषण ठरते. ते होत नाही तेथे तो केवळ व्यवसायाचा विशेषाधिकार उरतो आणि अशिलाने डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासास संरक्षण राहत नाही.